तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना घेऊन चीनला जाताना

आम्ही शांघायला राहायला आल्यापासून पुण्या-मुंबईची ओळखीची माणसं दर सुट्टीच्या आधी एकच प्रश्न विचारतात. "मुलांना चीन दाखवायचाय, पण भिंत आणि राजवाडे बघून ती कंटाळतील. त्यांना स्वतःच्या हातांनी काही करता येईल असं तिथे आहे का?" फोनवर याचं उत्तर तुटक होतं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आहे, भरपूर आहे. फक्त निवडताना एक गोष्ट विचारा: मुलाच्या हातात कच्चा माल देणार का? प्रत्येक पर्यटनस्थळाच्या दारात आता हस्तकलेचा 'अनुभव' मिळतो. तयार पांढऱ्या मुखवट्यावर रंग भरायचे, साच्यातून काढलेला मातीचा सैनिक घासूनपुसून घ्यायचा, फोटो काढायचा आणि बाहेर पडायचं. चार वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र वस्तू मुळापासून घडताना बघायची असते, आणि त्यासाठी अर्धा दिवस तरी राखून ठेवावा लागतो.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण युन्नान प्रांतात आहे. दालीच्या जुन्या शहराच्या उत्तरेला, अरहाय तलावाच्या बाजूला झोउचंग नावाचं गाव आहे. वस्ती बाय नावाच्या अल्पसंख्याक समाजाची, आणि गावाचं नाव बांधणीच्या निळ्या-पांढऱ्या कापडासाठी. अंगणात बायका गप्पा मारत पांढऱ्या सुती कापडाला सुईने चुण्या घालत बसलेल्या असतात. मुलांनाही आधी तेच देतात: एक रुमाल, सुई आणि जाड दोरा. दोरा सैल राहिला तर रंग आत शिरतो आणि नक्षी पुसट होते, म्हणून शिकवणाऱ्या आजी प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघतात. सैल वाटली तर काही न बोलता रुमाल परत हातात देतात.

मग निळीचं पिंप. रंग झाडपाल्यापासून केलेला, त्याला आंबूस वास येतो, वर फेस असतो. त्यात बुडवलेला रुमाल बाहेर काढला की तो निळा नसतो, पिवळट हिरवा असतो. हवा लागते तसा तो डोळ्यांदेखत निळा होत जातो. नीळ एरवी पाण्यात विरघळत नाही. पिंपात तिचं रूप बदलून ती विरघळवतात, तशी ती धाग्यात मुरते, आणि हवेतला प्राणवायू मिळाला की पुन्हा निळी होऊन तिथेच बसते. हे मी नंतर समजावलं. त्या वेळी माझी लेक रुमाल पुन्हा पुन्हा बुडवत होती, केवळ हिरव्याचा निळा होताना बघायला. गडद रंगासाठी तसंही बऱ्याचदा बुडवावं लागतं, त्यामुळे आजींची काही तक्रार नव्हती. हातमोजे देतात, ते घालायला लावा, नाहीतर नखं बरेच दिवस निळी राहतात.

ज्यांची मुलं धीराची आहेत त्यांना मी जिआंग्शी प्रांतातलं जिंगडेझेन सुचवते. मिंग आणि छिंग राजवटीत दरबाराची चिनी मातीची भांडी इथे घडत. आजही गाव त्याच कामावर जगतं, जुन्या कारखान्यांच्या जागेत तरुण कलाकारांनी कार्यशाळा थाटल्या आहेत. चाकावर ही पांढरी माती फार लवकर कोलमडते, त्यामुळे लहान मुलांना कच्च्या वाळलेल्या भांड्यावर चित्र काढायला द्यावं. कोबाल्टचा रंग लावताना राखाडी-काळपट दिसतो, सुमारे 1300 अंशांच्या भट्टीतून निघाल्यावरच तो निळा होतो. भांडं भट्टीत आटतंही. म्हणजे आपण नेमकं काय केलंय ते मुलाला त्या दिवशी कळत नाही. भट्टी लागायला काही दिवस जातात आणि भांडं मागाहून कुरियरने येतं. ते भारतात पाठवतील का, किती पैसे घेतील, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. निघायची घाई असेल तर हे ठिकाण सोडून द्या.

स्वयंपाकाचे वर्ग बीजिंग, शिआन, शांघाय सगळीकडे मिळतात, आणि मराठी घरातली मुलं जिआओझमध्ये, म्हणजे सारण भरलेल्या चिनी डंपलिंगमध्ये, हमखास चमकतात. कणीक म्हणजे मैदा आणि पाणी, एवढंच. छोट्या सरळ लाटण्याने एका हाताने लाटायचं, दुसऱ्या हाताने पारी फिरवत राहायचं, कडा पातळ आणि मध्य थोडा जाड. मोदकाच्या पारीला आपण हेच सांगतो. गणपतीत आजीशेजारी बसून कळ्या पाडलेल्या माझ्या भाचीची पहिली जिआओझ बघून शिकवणाऱ्या बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या लोकांना बोलावून ती दाखवली होती! उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री अख्खं घर हे करायला एकत्र बसतं. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच सांगा. अंडं चालत असेल तर अंडं आणि चिनी पातीचं सारण नेहमीचंच आहे, नसेल तर कोबी, टोफू आणि मशरूमचं करून देतात. बौद्ध शाकाहारी खानावळीत कांदा-लसूणही नसतो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

बीजिंगमध्ये मात्र वर्ग-बिर्ग शोधण्याआधी सकाळी लवकर तिआनथान बागेत जा. स्वर्गमंदिराची बाग. प्रवेशाचं छोटं तिकीट आहे, बाकी काही द्यावं लागत नाही. निवृत्त मंडळी च्येंझ, म्हणजे पिसांचं शटलकॉकसारखं खेळणं, पायाने उडवत असतात, दोरीवर गुणगुणणारा दोन चकत्यांचा भोवरा नाचवत असतात, आणि मूल टक लावून बघू लागलं की बहुतेक वेळा ते त्याच्या हातात देतात. एक आजोबा लांब दांड्याच्या, स्पंजच्या टोकाच्या कुंचल्याने फरशीवर पाण्याने अक्षरं लिहीत होते. त्यांनी कुंचला माझ्या लेकीकडे दिला. तिने देवनागरीत स्वतःचं नाव लिहिलं. आजोबांनी हाताने खुणा करून विचारलं, कुठली रेघ आधी? चिनी लिपीत रेघांचा क्रम पक्का असतो, त्यांना तोच हवा होता. आम्ही शिरोरेघ शेवटी देतो, हे कळल्यावर त्यांनी तिचं नाव अगदी त्याच क्रमाने पुन्हा लिहिलं. शेवटची आडवी रेघ त्यांनी एका दमात अशी ओढली की लेक ती अजून गिरवते.

वेळेचं सांगायचं तर 1 ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा आणि मेच्या सुरुवातीची सुट्टी टाळा, सगळीकडे मुंगीला शिरायला जागा नसते. चिनी नववर्षात लहान गावांतले कारागीर घरी गेलेले असतात. एप्रिल चांगला. तेव्हा शानतोंग प्रांतात वेइफांगला 1984 पासून भरत आलेला आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव असतो. संक्रांतीला मांजाने काटाकाटी करणाऱ्या मुलांना ड्रॅगनचं डोकं आणि चकत्याचकत्यांचं लांबलचक शरीर असलेले पतंग बघून अक्षरशः वेड लागतं. शेजारच्या यांगजियाबू गावात बांबूच्या कामट्या तापवून वाकवायला बसतात, तिथे जरूर थांबा.

आणि शिआनला सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ बघणार असाल तर एक आग्रह. बाहुली चामड्याची, रंगवलेली, गळ्याशी एक आणि हातांना एकेक अशा तीन काड्यांवर चालणारी. पडद्यामागे जाऊन काड्या हातात घेऊ देतात का ते विचारा, बरेच जण देतात. पण त्याआधी मुलांना कुडाळजवळ पिंगुळीला घेऊन जा. तिथले ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांवर रामायण दाखवतात. ते बघून गेलेलं मूल शिआनच्या पडद्यामागे गेलं की दिवा कुठे ठेवलाय ते आधी शोधतं.