डोकं काही सापडलं नाही

सातव्या वर्गात असताना मी डायनासोरचं शेण चाटलं आहे. सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेत याहून बरं काहीतरी लिहायला हवं हे कळतं, पण आपल्या विज्ञानाच्या सरांबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

पिसदुरा, डोंगरगाव ही आपल्यासाठी सोयरिकीची गावं. वरोरा तालुक्याबाहेर त्यांना कोणी ओळखत असेल असं आम्हा पोट्ट्यांच्या मनातही नव्हतं. ज्यांच्या नावाच्या नागपूरच्या कॉलेजात आपल्यापैकी कितीतरी जण पुढे शिकले, त्या हिस्लॉप पाद्रींनी १८६० च्या सुमारास पिसदुऱ्यात सापडलेल्या डायनासोरच्या हाडांची खबर विलायतेपर्यंत पोहोचवली होती. सरांनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गात कोणी मान वर केली नाही. मान वर झाली ती डोंगरगावच्या टेकडीवर कलकत्त्याची माणसं उतरल्यावर.

ही माणसं भारतीय सांख्यिकी संस्थेची. आकडेमोड करणाऱ्यांना हाडं कशाला लागतात, हे कोडं मला फार उशिरा सुटलं. त्या संस्थेत भूविज्ञानाचाही विभाग आहे. १९८४ ते १९८६ या काळात त्यांनी तिथून एक अजस्र सांगाडा बाहेर काढला. मानेचे आणि पाठीचे मणके, बरगड्या, खांदा, पुढचा पाय, कमरेची हाडं. मागचे पाय मात्र नव्हते, आणि डोकंही नव्हतं.

डोकं नाही म्हटल्यावर आम्ही ते शोधायचं ठरवलं. एवढ्या मोठ्या जनावराचं डोकं जाऊन जाऊन जाणार कुठे? निदान बैलगाडीएवढं तरी असेल, असा आमचा हिशेब. (टायटॅनोसॉर, म्हणजे लांब मानेच्या अजस्र डायनासोरांच्या गटातल्या या प्राण्यांचं डोकं अंगाच्या मानाने अगदीच लहान असायचं, हे तेव्हा कोणाला माहीत!) रविवारी पिशव्या घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरायचं. सरांनी एक खूण सांगून ठेवली होती. जुनं हाड आतून सच्छिद्र असतं, त्याला जीभ लावली की चिकटते. साध्या गोट्याला चिकटत नाही. झालं! त्या हिवाळ्यात आम्ही निम्मं शिवार चाटून काढलं. एका दुपारी बोटभर तुकड्याला माझी जीभ अशी चिकटली की सोडवताना डोळ्यांत पाणी आलं. तो तुकडा सरांनी हातात घेतला, उन्हात धरला, बारीक जाळी दाखवली आणि काही न बोलता कपाटात ठेवला. मला त्या दिवशी शंभरपैकी शंभर मिळाल्यासारखं वाटलं.

बाकी पिशवीत गोटेच असायचे. राखाडी, गुळगुळीत, कुठे गोल तर कुठे लांबट, एखाद्याला कडेला चिमटा काढल्यासारखी खूण. असे गोटे आमच्या वावरात वखराच्या पासेला रोज लागायचे. बाबा ते वेचून धुऱ्यावर टाकत. आम्ही त्यांनी बोरं पाडायचो. जीभ चिकटत नाही म्हणजे हाड नाही, हाड नाही म्हणजे कामाचं नाही. त्यातला एक जरा वेगळा वाटला म्हणून मी हातोडीने फोडला. आत काही नव्हतं. अर्धा कुठे उडाला कळलं नाही, अर्धा सरांनी ठेवून घेतला आणि कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं, ‘दगड, प्रकार अज्ञात’.

डोंगरगावच्या त्या प्राण्याला १९९७ मध्ये टायटॅनोसॉरस कोलबर्टी हे नाव मिळालं. २००३ मध्ये ते बदलून आयसीसॉरस झालं. त्यातलं ‘आयसी’ म्हणजे त्याच संस्थेची ISI ही इंग्रजी आद्याक्षरं. डोंगरगावचं नाव त्यात कुठेच नाही, याची मला अजून थोडी खंत आहे.

आणि मग २००५ साल. तोवर मी पुण्यात नोकरीला लागलो होतो. सकाळी वर्तमानपत्रात पिसदुऱ्याचं नाव दिसलं आणि चहा तसाच राहिला. त्या राखाडी गोट्यांना शास्त्रज्ञ कॉप्रोलाइट म्हणतात, म्हणजे दगड झालेली विष्ठा. लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तर आत गवत! गवताच्या पात्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात, त्यांच्यामुळेच ते बोटाला कापतं. पातं कुजलं तरी कण उरतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचं कूळ ओळखता येतं. निदान पाच प्रकारची गवतं मिळाली. गवत डायनासोरांच्या नंतर पसरलं असं तोवर मानलं जायचं. ते मत आपल्या धुऱ्यावरच्या गोट्यांनी खोडून काढलं. २०११ मध्ये त्यातल्या काही कणांचं नातं थेट भाताच्या कुळाशी जोडलं गेलं. आपण कापसाच्या मुलखातले, भात म्हटला की ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे बोट दाखवणारे, तरीही!

बाबांना फोन करून सांगितलं. आपली काळी जमीन ज्या लाव्हापासून झाली, तो यायच्या आधीची ही गोष्ट, साडेसहा कोटी वर्षांहून जुनी, असं बरंच काही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग बाप्पा, वावरातलं शेणच वेचून आपण वावराबाहेर टाकत होतो काय?”

गेल्या दिवाळीत शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळा नवी झाली आहे, कपाट जुनंच आहे. माझ्या हाडाचा तुकडा दिसला नाही. खालच्या फळीवर, मोडक्या तराजूच्या मागे, तो अर्धा गोटा होता. चिठ्ठी पिवळी पडली आहे, पण सरांचं अक्षर वाचता येतं. शिपाईकाकांकडून पेन मागून घेतलं आणि ‘अज्ञात’ हा शब्द खोडला. पुढे काय लिहावं ते सुचेना. सर असते तर त्यांनी सरळ ‘शेण’ लिहिलं असतं. मीही तेच लिहिलं.