धनराजचे गोल किती?

दर रविवारी सकाळी खडकी बाजारातल्या एका अमृततुल्यवर आमचं टोळकं जमतं आणि चहा यायच्या आत हॉकी निघते. बाकीचं पुणं मेट्रो, ट्रॅफिक, क्रिकेट असलं काहीबाही बोलत असतं, आमच्याकडे हॉकीच, त्याला इलाज नाही, कारण धनराज पिल्ले इथला. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढला, वडील तिथल्याच ग्राउंडवर ग्राउंड्समन, मोडक्या स्टिका आणि लोकांनी टाकून दिलेल्या बॉलवर शिकला. त्यामुळे खडकीतल्या ठराविक वयाच्या प्रत्येक माणसाने धनराजला लहानपणी एकदा तरी पास दिलेला असतो. कुणी काही म्हणत नाही, आपणपण दिलेलाच असतो ना.

तर वाद हा की धनराजने देशासाठी एकूण गोल मारले किती. मॅच ३३९, हे सगळ्यांना पाठ आहे. ४ ऑलिम्पिक, ४ वर्ल्डकप, ४ एशियाड, ४ चॅम्पियन्स ट्रॉफी, हेपण पाठ, पाढ्यासारखं. पण गोल? इथे सगळे अडकतात, कारण तेव्हाच्या फेडरेशनने गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नाही. चौदा-पंधरा वर्षं माणूस दुनियाभर पळाला आणि गोल लिहून ठेवायला कुणाला पेन सापडलं नाही! लोक अंदाजाने १७० च्या आसपास धरतात. आमचे काका (म्हणजे माझे सख्खे नाहीत, फॅक्टरीतून रिटायर झालेले, सगळ्या टेबलाचे काका) २५० च्या खाली यायला तयार नाहीत. एकदा म्हणाले, कमी निघाले तर मिशी काढीन. काका मिशी ठेवत नाहीत.

मला वाटतं क्रिकेटवाल्यांची इथेच मजा गेलीये. सचिनची इंटरनॅशनल शतकं १००, झालं, विषय संपला, चहा प्या. आमचा विषय संपतच नाही, कारण संपवायला आकडाच नाही, दर रविवारी तोच गोल परत मारायला मिळतो.

आमच्यात एक बँकवाला आहे, त्याच्याकडे मोबाइलमध्ये एक्सेल आहे आणि त्याला वाटतं की एक्सेलमध्ये टाकलं की गोष्ट खरी होते. त्याच्या जोरावर माझा कॉलेजातला भाचा काकांना डिवचत असतो. परवा म्हणाला, काका, तुमच्या त्या १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला टीमच तीन होत्या, भारत, जपान आणि अमेरिका, म्हणजे दोन मॅच खेळून गोल्ड, आमच्या सोसायटीच्या कपलापण यापेक्षा जास्त मॅच असतात! काकांनी कप खाली ठेवला. अरे पण जपानला ११-१, अमेरिकेला २४-१, रूपसिंगचे एकट्याचे १० आणि ध्यानचंदचे ८, दोन सख्खे भाऊ, एका मॅचमध्ये १८, तुझ्या सोसायटीत आहेत का असले भाऊ? बँकवाल्याने लगेच हिशोब केला, ७० मिनिटांत दोन्हीकडचे मिळून २५ गोल, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा न होता एक. तेवढ्यात तर हा दुसरा चहापण आणून देत नाही, काका म्हणाले, जरा मोठ्यानेच. आणि अमेरिकेचा तो एक गोल कसा झाला, तर आपला गोलकीपर गोलपोस्टच्या मागे सह्या देत बसला होता असा किस्सा सांगतात. काका हा किस्सा सांगताना स्वतः सही केल्याची अॅक्शन करतात.

काही आकडे मात्र टेबलावर चालत नाहीत. १९८२ च्या दिल्ली एशियाडची फायनल, पाकिस्तान ७, आपण १. काका चौथ्या गोलला शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोरून उठून गेले होते, त्यामुळे त्यांच्या हिशोबाने ती मॅच ४-१ च आहे, पुढचे तीन त्यांनी बघितलेच नाहीत तर धरायचे कशाला. २०२३ ला हांगझोऊ एशियाडमध्ये आपण पाकिस्तानला १०-२ हाणलं तेव्हा मात्र दहाच्या दहा बघितले, रात्री परत बघितले. बँकवाल्याने तिथेपण शोध लावलाच, ८२ ते २०२३ म्हणजे ४१ वर्षं आणि मॉस्को ऑलिम्पिकचं गोल्ड १९८० चं, त्यानंतर मेडल थेट टोकियोला २०२१ मध्ये, तेपण ४१ वर्षांनी. हे ऐकल्यावर भाचा म्हणाला, मामा, ह्यांना पत्रिका बघायला बसवा.

दुसरा न चालणारा आकडा १-१. सिडनी २००० ची पोलंडबरोबरची मॅच. जिंकलो असतो तर सेमीफायनल, आणि अगदी शेवटी शेवटी त्यांनी बरोबरी केली. त्यानंतर धनराज रडला होता. ही मॅच निघाली की काका बनमस्का मागवतात.

भाच्याचा देव हरमनप्रीत. पॅरिस ऑलिम्पिकला १० गोल, एकूण २०० च्या वर, आणि सगळे व्यवस्थित लिहून ठेवलेले, व्हिडिओसकट. काकांचं म्हणणं, ते पेनल्टी कॉर्नरचे, बॉल आयता आणून दिला की फ्लिक मारायचा, धनराजसारखं अर्ध्या लाइनपासून चौघांना फिरवत गोलसमोरच्या डी मध्ये घुसून दाखव म्हणावं. मी मध्येच म्हणलं, काका, ड्रॅगफ्लिक काय सोपं असतं का, तर मला म्हणाले, तू गप, तू शाळेत राइट आउट होतास, त्यातपण आउटच जास्त. (खरंय. शाळेकडून सहा मॅच, गोल शून्य. ही नोंद मात्र पक्की आहे.) गोलकीपर श्रीजेशवर फक्त सगळ्यांचं एकमत होतं. टोकियोला ब्राँझच्या मॅचमध्ये आपण ५-४ पुढे, शेवटचे काही सेकंद, जर्मनीचा कॉर्नर आणि मध्ये तो. त्यावर वाद घालायला काही उरलंच नाही, म्हणून त्याच्यावर आम्ही फार बोलतपण नाही.

मग शेवटी काकांचा स्वतःचा रेकॉर्ड येतो. मातीच्या ग्राउंडवर प्रॅक्टिसला त्यांनी एकदा धनराजच्या स्टिकवरून बॉल काढून घेतला होता. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा एकदाच काढला होता. गेल्या पावसाळ्यात दोनदा झालं. परवा तीनदा, त्यातला एक रिव्हर्सने. बँकवाला मान खाली घालून मोबाइलवर टाइप करत होता, काका म्हणाले काय करतोयस, तो म्हणाला काही नाही, अपडेट करतोय.

बिल आलं तर नऊ कटिंग आणि एक बनमस्का. काका म्हणाले, सात! चहावाल्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने मारलेल्या उभ्या रेघा पुढे सरकवल्या, चारवर आडवी, मग परत चार. काकांनी चष्मा लावून त्या दोनदा मोजल्या.

"ह्यातल्या दोन मागच्या रविवारच्या असतील," ते म्हणाले.

"मागच्या रविवारचा पुठ्ठा वेगळाय," चहावाला म्हणाला. "देऊ काढून?"