म्हाताऱ्या ताऱ्यातलं लोखंड मोजताना माझा दीड महिना कुठे गेला

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी एचडी १२२५६३ हा तारा घेतला होता. भूतप मंडळातला, ६.२ प्रतीचा, अतिशय जुना राक्षसी तारा, लोखंड सूर्याच्या साधारण ४०० व्या भागाइतकं. स्पेक्ट्रम (रंगांत विभागलेला ताऱ्याचा प्रकाश, त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या काळ्या रेषा दिसतात) युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या आर्काइव्हमधून फुकट मिळाला, रेषांची यादी वॅल्ड डेटाबेसवर नाव नोंदवल्यावर ईमेलने आली, रेषांवरून मूलद्रव्याचं प्रमाण काढणारा ख्रिस स्नेडन यांचा मूग प्रोग्रामही चालला. दोन आठवड्यांत एवढं झालं, मला वाटलं गणेश चवथीआधी रिपोर्ट देऊन मोकळी होणार.

आणि मग लोखंड अडलं.

लोखंडाच्या रेषा दोन प्रकारच्या असतात, तटस्थ अणूंच्या आणि एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या, म्हणजे आयनांच्या. तारा एकच, तेव्हा दोन्हींतून लोखंडाचं प्रमाण सारखंच यायला हवं. माझं येईना. तटस्थ रेषा ०.२ डेक्सने (डेक्स म्हणजे दहाच्या घातातला फरक) कमी दाखवत होत्या, म्हणजे दीडपटीहून जास्त फरक. शिवाय तटस्थ रेषांतही कमी ऊर्जेच्या पातळीवरून निघणाऱ्या जास्त लोखंड सांगत होत्या. पुस्तकी उपाय असा की हा कल जाईपर्यंत तापमान बदलायचं आणि दोन्ही लोखंडं जुळेपर्यंत गुरुत्व बदलायचं. मी तापमान ४६०० केल्विनवरून ४४०० वर आणलं, कल गेला, पण दोन लोखंडांतली दरी वाढली, ती बुजवायला लॉग जी (पृष्ठभागावरच्या गुरुत्वाचा लॉगरिदम) १.४ वरून ०.६ वर न्यावा लागला, मग मायक्रोटर्ब्युलन्स (ताऱ्याच्या वातावरणातली वायूची बारीक खळबळ) हललं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. दीड महिना हेच. चवथीला डिचोलीला घरी गणपतीवरची फळांची माटोळी बांधतानाही डोक्यात तोच आलेख. दोनदा सगळ्या रेषा नव्याने मोजल्या, १०० मिली अँगस्ट्रॉमवरच्या जाड रेषा काढून टाकल्या (हे सुरुवातीलाच करा, त्यांचा भरवसा नाही), तरी तेच.

शेवटी सरांनी एकच प्रश्न विचारला, "लॉग जी ०.६ असेल तर हा तारा किती लांब असायला हवा?" गुरुत्व कमी म्हणजे तारा मोठा आणि मुळात जास्त तेजस्वी, मग आपल्याला दिसतो तेवढाच दिसायला तो जास्त लांब हवा. गणित केलं तर दुपटीहून जास्त लांब येत होता, आणि गाया उपग्रहाने मोजलेल्या पॅरॅलॅक्सवरून (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकलेला दिसतो त्यावरून) तो सरळ हजारेक प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे माझे आकडे एकमेकांशी जुळलेले होते पण ताऱ्याशी नाही!

कारण हे. अशा ताऱ्यात धातू कमी, त्यामुळे खालच्या गरम थरांतला अतिनील प्रकाश अडत नाही, वर येऊन तटस्थ लोखंडाचे इलेक्ट्रॉन उडवतो, आणि इलेक्ट्रॉन विरळ असल्यामुळे टक्करींनी तोल परत येत नाही. तटस्थ अणू खरोखरच कमी उरतात. मूग मात्र स्थानिक समतोल (प्रत्येक थरात टक्करींनी तोल साधलेला आहे असं) धरून चालतो, त्याला वाटतं लोखंडच कमी आहे. सूर्यासारख्या ताऱ्यात हा फरक बारीक, इथे मोठा. मला याचा फार राग आला कारण नवख्यांसाठीच्या नोट्समध्ये जुळवाजुळवीची रीत असते पण ती म्हाताऱ्या राक्षसी ताऱ्यांना लावू नका हे कुणी ठळक लिहीत नाही.

तर तुम्ही करणार असाल तर तापमान बाहेरून घ्या, या ताऱ्याचा व्यास इंटरफेरोमेट्रीने (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून) मोजलेला आहे, त्यातून ४६०० च्या आसपास येतं. लॉग जी गायावरून. दोन्ही पक्के धरा, हलवू नका, लोखंड आयनांच्या रेषांवरून घ्या (त्या मोजक्याच मिळतात, एकेक नीट मोजा) आणि तटस्थ रेषांना समतोलाबाहेरची दुरुस्ती लावा. मी असं केलं आणि चार दिवसांत काम संपलं, मॅग्नेशियम लोखंडाच्या मानाने सूर्यापेक्षा जास्त आलं, जसं यायला हवं तसं, कारण पहिल्या मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांनी ते आधी पसरवलं आणि टाईप वन-ए सुपरनोव्हांचं (श्वेत बटू ताऱ्यांच्या स्फोटांचं) लोखंड मागाहून आलं. तो आकडा बघून मी लॅबमध्ये एकटीच बराच वेळ बसून होते.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, पहिल्यांदा सूर्याचा स्पेक्ट्रम त्याच पद्धतीने मोजा. लोखंड (हायड्रोजन १२ धरलेल्या लॉग मापात) ७.५ च्या आसपास आलं नाही तर जुन्या ताऱ्याला हातच लावू नका.