तक्रारींची संख्या : शून्य

आमच्या विद्यापीठात रिलेशनशिपमधल्या हिंसेविषयीच्या कार्यशाळा अखेर सुरू झाल्या. तरी त्यांच्या परवानगीच्या अर्जातला एक रकाना आठवला की माझं डोकं अजून तापतं : 'सदर विषयाबाबत गेल्या वर्षात प्राप्त तक्रारींची संख्या'.

सत्रांची आखणी, समुपदेशक मॅडमचा होकार, खोली हे सगळं भराभर जमलं. मग अर्ज विद्यार्थी कल्याण विभागात गेला आणि तिथेच बसला. रकान्यात आम्ही शून्य लिहिलं होतं, कारण तक्रार समितीकडे खरोखरच एकही तक्रार आलेली नव्हती. फाइल शेरा घेऊन परत आली : 'तक्रारी नसल्याने आवश्यकता दिसून येत नाही.'

तक्रार नाही म्हणजे हिंसा नाही, हे गणित त्या टेबलावर कुणालाच खटकलं नाही. जोडीदार रोज फोन तपासतो, लोकेशन सुरू ठेवायला लावतो, कुणाशी बोलायचं ते ठरवतो, सोडून गेलीस तर जिवाचं बरंवाईट करून घेईन म्हणतो. जिच्यावर हे गुदरतं तिला पुष्कळदा ही काळजीच वाटते. मुलांच्या वाट्यालाही हे येतं, आणि ते तर आणखीच गप्प राहतात. हिंसा आहे हे उमगलं तरी दोघं एकाच वर्गात, मित्रमंडळ एकच, शिवाय तक्रार केली की घरी कळण्याची धास्ती. अशा वेळी कोण अर्ज लिहून देईल? ओळखायचं कसं आणि सांगायचं कुणाला, हे प्रशिक्षणातून कळणार. आणि त्या प्रशिक्षणासाठी आधी तक्रारी दाखवा म्हणे.

मी निनावी सर्वेक्षणाचा मार्ग सुचवला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांची जोडीदारांमधल्या हिंसेची प्रश्नावली 1979 पासून संशोधनात वापरली जाते, तिचा आधार घेता आला असता. पण सर्वेक्षणाला नैतिकता समितीची मान्यता हवी, समितीला विभागाचं पत्र हवं, आणि ते पत्र त्याच टेबलावरून निघणार. कधी साहेब बैठकीत, कधी फाइल सापडत नाही. 'पुढच्या आठवड्यात या' हे ऐकून ऐकून माझा संयम संपला.

सगळ्यात जास्त राग आला तो त्यांनी सुचवलेल्या तोडग्याचा. सभागृहात सगळ्यांना बसवून एक तासाचं व्याख्यान ठेवा, लगेच परवानगी देतो, असं सांगण्यात आलं. लैंगिक हिंसा करण्यापासून रोखणाऱ्या उपक्रमांच्या 140 मूल्यमापनांचा आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला होता. काटेकोर कसोटीवर प्रत्यक्ष वागणुकीत फरक दाखवणारे त्यात तीनच निघाले, आणि कॉलेजमधल्या एखाद-दुसऱ्या सत्राचा टिकाऊ परिणाम दिसला नाही. त्या तिघांपैकी 'सेफ डेट्स' हा शाळकरी मुलांसाठीचा उपक्रम 10 सत्रांचा आहे. हे सगळं मी छापून फाइलला जोडलं. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

गाठ सुटली ती दुसऱ्याच बाजूने. आपण शिकतो त्या विभागाच्या वेळेत, त्याच विभागाच्या वर्गात कार्यशाळा घ्यायला विभागप्रमुखांची सही पुरते, हे एका वरिष्ठ लिपिकांनी सांगितलं. सरांनी अर्ज वाचला, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. त्या दिवशी मला अगदी हलकं वाटलं. तेव्हा तुम्हालाही अशा कार्यशाळा घ्यायच्या असतील तर थेट मोठ्या कार्यालयात जाऊ नका. लहान पातळीवर कुणाची सही चालते ते आधी शोधा. नकार मिळाला तर तो लेखी मागा.

सरांचे दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीविषयी होते : कुणी स्वतःवर बेतलेलं सांगितलं तर काय कराल? त्याचं उत्तर अर्जातच जोडलेलं असू द्या. कोण ऐकून घेईल, पुढे कुणाकडे पाठवाल, काय गुप्त राहील आणि कशाची हमी देता येणार नाही, सगळं स्पष्ट लिहा. सत्राला दोन जण हवेत, म्हणजे कुणी उठून बाहेर गेलं तर एकाला सोबत जाता येतं. आपबीती सांगण्याचा आग्रह कुणालाच करू नका.

मित्रमैत्रिणींनी मध्ये कसं पडायचं याचा सराव आमच्याकडे सगळ्यात रंगला. सरळ हटकायचं, काहीतरी निमित्त काढून लक्ष दुसरीकडे वळवायचं, किंवा जबाबदार माणसाला बोलवायचं, असे तीन मार्ग. 'सोडून दे त्याला' हा सल्ला मात्र घाईने देऊ नये हे आवर्जून शिकवा. नातं तोडतानाचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. आधी सुरक्षिततेची आखणी करावी, जमल्यास समुपदेशकाच्या मदतीने.

आणि हो, 1984 मध्ये अमेरिकेतल्या डुलुथ इथे तयार झालेलं 'सत्ता आणि नियंत्रण' चक्र पहिल्याच सत्रात दाखवा. अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या अनुभवांतून ते तयार झालं. धमकी, एकटं पाडणं, पैशावर ताबा हे सगळं एकाच चित्रात दिसलं की वर्ग बोलायला लागतो.

हजेरीपत्रक फिरवू नका, नुसती डोकी मोजा. सत्राची आठवण करून देणाऱ्या मेसेजमध्ये विषय लिहू नका, वेळ आणि खोली एवढंच कळवा. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय, त्यांचा फोन कदाचित दुसरंच कुणी वाचत असतं.