एक मासा, शंभर एल्फ आणि गॅम्पचा नियम

हॅरी पॉटरच्या जगात जादूने अन्न का बनवता येत नाही, यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाद पेटला की कुणीतरी हमखास जादूने वस्तू घडवण्याबद्दलच्या 'गॅम्पच्या नियमा'ची आणि त्याच्या 'पाच अपवादां'ची यादी काढतं: अन्न, पैसा, जीव, प्रेम, ज्ञान. ही यादी आधी बाजूला ठेवा. सातही पुस्तकांत नाव घेऊन सांगितलेला अपवाद एकच आहे, तो म्हणजे अन्न. उरलेल्या चार जागा वाचकांनी आपापल्या मनाने भरल्यात, आणि त्यांच्यावर उभी केलेली थिअरी पहिल्याच आडव्या प्रश्नाला कोसळते.

पक्का मजकूर काय आहे? सातव्या पुस्तकात (२००७) हॅरी आणि त्याचे मित्र रॉन व हर्मायनी जंगलात लपून राहत असतात; तिथे तंबूत बसून रॉन जेवणावरून कुरकुर करतो, आईच्या हातच्या जेवणाचे दाखले देतो, तेव्हा हर्मायनी त्याला गॅम्पचा नियम ऐकवते. शून्यातून अन्न निर्माण होत नाही. कुठे आहे ते ठाऊक असेल तर बोलावून घेता येतं, असलेल्याचं रूप बदलता येतं, आणि थोडं हाताशी असेल तर वाढवता येतं. पुढे त्याच पुस्तकात त्यांचा वर्गमित्र नेव्हिल सांगतो की शाळेतली, गरजेप्रमाणे हवं ते देणारी जादूची खोली जेवण मात्र देत नाही, ते गावातल्या दारूगुत्त्याचा मालक ॲबरफोर्थ याच्याकडूनच येतं. एक साक्ष पुस्तकी, दुसरी उपाशी पोटाची. नियम खरा धरायला हरकत नाही.

गोची तिसऱ्या सवलतीत आहे. थोडं असेल तर वाढवता येतं ना, मग हे तिघे जंगलात उपाशी का? त्या रात्री हॅरीने पकडलेला मासा ताटात होता. वाढवा आणि आठवडाभर खा! मासा बेचव होता म्हणून रॉनने 'हा नको वाढवूस' म्हटलं, ठीक. पण एका शेतावरून अंडी आणि पावही मिळाले होते, हर्मायनीने खुराड्याखाली पैसे ठेवून आणलेले. ते का नाही पुरवून पुरवून खाल्ले? 'लेखिकेच्या लक्षात आलं नसेल' हे उत्तर नेहमीच हाताशी असतं, पण ते सगळ्यात शेवटी द्यायचं.

मला पटणारी थिअरी अशी: वाढवल्याने आकार वाढतो, कस वाढत नाही. मूळ घासात जेवढा कस होता, तेवढाच नव्या सगळ्या घासांत वाटला जातो. समजा दादर स्टेशनबाहेर एक वडापाव घेतला आणि सहा जणांसाठी वाढवला. हातात सहा वडापाव येतील, चटणीसकट, गरमागरम, चवीलाही तसेच. पण प्रत्येकाच्या पोटात जाईल एका वडापावचा सहावा हिस्सा. जवळच्या प्लाझा थिएटरपर्यंत चालत जाईतो सगळ्यांना पुन्हा भूक.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा तंबूत नाही, हॉगवर्ट्सच्या, म्हणजे जादूच्या शाळेच्या, स्वयंपाकघरात आहे. चौथ्या पुस्तकात (२०००) हॅरी तिथे जातो तेव्हा निदान शंभर एल्फ (घरकाम करणारे जादुई जीव) दिसतात, आणि वरच्या हॉलमधल्या चार टेबलांच्या बरोब्बर खाली तशीच चार टेबलं. खाली मांडलेलं अन्न वर पोचतं. म्हणजे मेजवानीतली जादू वाहतुकीची आहे, निर्मितीची नाही. नाताळच्या बॉलला (नाचाच्या समारंभाला) हेडमास्तर डम्बलडोर मेनूकार्ड बघून ताटालाच ऑर्डर देतो आणि पदार्थ हजर होतो, तेही याच व्यवस्थेत बसतं. आता विचार करा, फुकटात वाढवता आलं असतं तर एक एल्फ आणि एक भाजलेली कोंबडी अख्ख्या शाळेला पुरली असती. शंभर जणांना राबवायचं कारणच काय? तसंच रॉनच्या घरच्यांचं, वीझलींचं. सात मुलं, पैशांची कायमची ओढाताण, आणि तरी अंगणात कोंबड्या पाळलेल्या, बटाटे सोललेले. मिसेस वीझलींसारखी स्वयंपाकातली जादू कोळून प्यायलेली बाई जर खरा माल आणून शिजवते, तर वाढवण्यात कुठेतरी खोट आहे.

दुसरा पुरावा ग्रिंगॉट्स या जादूगारांच्या बँकेतल्या तिजोरीतला. तिथल्या वस्तूंना हात लागला की त्यांच्या नकला होत जातात, आणि ग्रिपहूक हा गॉब्लिन (बँक चालवणाऱ्या जमातीतला) सांगतो की नकलांना किंमत शून्य. तरी त्या ढिगाखाली माणूस गाडला जाईल इतका त्यांचा आकार आणि वजन खरं. तो शाप आहे आणि सोन्यावरचा आहे, म्हणून त्याला पूर्ण मार्क देत नाही. पण साचा तोच: पसारा वाढला, मोल नाही.

आता विरुद्ध बाजू. दुसऱ्या पुस्तकात (१९९८) शिक्षिका मॅकगोनागल हॅरी आणि रॉनसाठी सँडविचची बशी आणते, आणि ती रिकामी झाली की आपोआप भरते. दोघं पोट फुटेस्तोवर खातात. हे वाढवणं धरलं तर थिअरी गेली. पण ही घटना हॉगवर्ट्सच्या आत घडते, बशी खालच्या स्वयंपाकघराशी जोडलेली आहे असं मानलं की भागतं. एक गृहीतक जास्त लागलं, पण ते पुढे मजकुरातच सापडणाऱ्या व्यवस्थेवर बेतलेलं आहे, हवेतलं नाही.

पक्ष्यांचं काय? चौथ्या पुस्तकात छड्या बनवणारा ऑलिवँडर क्रम नावाच्या स्पर्धकाच्या छडीतून पक्षी काढतो, हॅरीच्या छडीतून वाइनचं कारंजं. सहाव्यात (२००५) हर्मायनी स्वतःच पिवळे पक्षी निर्माण करते. मग जंगलात चार पक्षी काढून शेकोटीवर भाजायचे की! इथे नियमाला सरळसरळ पळवाट दिसते. माझ्या थिअरीत असा पक्षी उडेल, चोच मारेल, पण त्याच्या मांसात कस नसेल, कारण तो कुठूनच आलेला नाही. पुस्तकात असा पक्षी कुणी खात नाही आणि त्या वाइनचा घोटही कुणी घेत नाही, त्यामुळे हे सिद्ध होत नाही, फक्त खोटं ठरत नाही.

खरी डोकेदुखी एकच. चौथ्याच पुस्तकात मिसेस वीझली पातेलं आपटतात, आत छडी फिरवतात आणि छडीच्या टोकातून दाटसर सॉस वाहू लागतो. आधी पातेल्यात काही असल्याचा उल्लेख नाही. दुसरीकडून बोलावलेला म्हणावा तर कुठून? पाण्याचं रूप बदललं म्हणावं तर हर्मायनीही झऱ्याच्या पाण्याचं सूप करून मोकळी झाली असती. उरतो एवढाच मार्ग की त्या सॉसला नुसती चव आहे, पोट भरतं ते सोबतच्या बटाट्यांनी आणि 'पाई' या भाजलेल्या पदार्थाने. थिअरीत बसतं, पण ओढून ताणून, हे कबूल.

ही थिअरी पाडायची असेल तर असा प्रसंग दाखवा जिथे हॉगवर्ट्सच्या बाहेर, फक्त वाढवलेल्या अन्नावर कुणी काही दिवस धडधाकट राहिलंय. पुस्तक आणि प्रकरण सांगा. सिनेमातला सीन चालणार नाही.