लाल-काळं वेटोळं

इंग्लंडमध्ये घर घेतलं तेव्हा किल्लीबरोबर गराजमधला पसाराही पदरात पडला. वाळलेल्या रंगाचे डबे, एक मोडकं गवत कापायचं यंत्र आणि खुंटीला टांगलेलं करड्या केबलचं वेटोळं. आधीच्या मालकाच्या कसल्याशा कामातून उरलेलं. टोक सोललेलं होतं: एक तार लाल, एक काळी, मधे उघडं तांबं. टाकायला हात होईना. आमच्या घराण्यात बटणं, सुतळी आणि वायर टाकायची पद्धत नाही.

उन्हाळ्यात मिरजेहून बाबा आले. दुसऱ्याच दिवशी गराजमधून हाक आली, "अरे, ही तर आपली वायर!"

आपलीच. लाल फेज म्हणजे वीज आणणारी, काळी न्यूट्रल म्हणजे परत नेणारी, हिरवी अर्थ म्हणजे धक्क्यापासून वाचवणारी, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो असेन. थ्री फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा असतील तर लाल, पिवळी, निळी. हे रंग आपल्याकडे इंग्रजांकडून आले, आपण ते जपले आणि इंग्रजांनीच सोडून दिले. युरोपशी जुळवून घ्यायचं म्हणून ३१ मार्च २००४ पासून इथल्या भिंतींत तपकिरी फेज नि निळी न्यूट्रल आली आणि १ एप्रिल २००६ पासून नव्या कामाला लाल-काळी बंद झाली. उपकरणांच्या वायरी मात्र १९७०च्या सुमारासच बदललेल्या. म्हणजे मधली तीसेक वर्षं किटलीची भाषा एक नि भिंतीची दुसरी. युरोपातही पूर्वी सगळा आनंदच होता. जर्मनीतल्या जुन्या घरांत लाल तार चक्क अर्थची असे!

खरी मेख थ्री फेजमध्ये आहे. तिथे आता तपकिरी, काळी आणि करडी या तिन्ही फेज, निळी न्यूट्रल. काळी पूर्वी न्यूट्रल होती आणि निळी फेज. दोघींनी जागा बदलल्या. हे ऐकल्यावर बाबांनी चष्मा काढून पुसला. "काळी फेज?" एवढंच म्हणाले.

गराजमध्ये एक सॉकेट हवं होतं म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. चाचरतच विचारलं, हे उरलेलं वापरता येईल का? तो हसला. म्हणाला, तांब्याला काही झालेलं नाही, पण दहा वर्षांनी कुणी सॉकेटचा डबा उघडला तर त्याने काय समजायचं? त्याने गाडीतून नवी केबल आणली. जुनी-नवी केबल जिथे एकत्र येत होती, तिथे जुन्या तारांच्या टोकांवर तपकिरी नि निळ्या नळ्या चढवल्या आणि फ्यूजबॉक्सजवळ एक सूचना चिकटवली: या घरात दोन तऱ्हांचे रंग आहेत, जपून.

बाबांना त्याचं काम पसंत पडलं. तेवढ्यात त्यांनी खिशातून टेस्टर काढला, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीत दिवा असलेला. इलेक्ट्रिशियनने तोंड वाकडं केलं. त्याचं मीटर दोन टोकांचं. असल्या टेस्टरवर जीव टांगू नये म्हणाला. चाळीस वर्षं ज्याच्या भरवशावर काढली त्याबद्दल हे ऐकून बाबा जेवणापर्यंत गप्प होते. जेवताना म्हणाले, "रंगावर तरी कुठे भरवसा ठेवतो आपण? बटणाकडे उतरलेली काळी तार बटण चालू असताना जिवंतच असते. आधी मेन बंद करायचा." वर वाढून घेतलं, म्हणजे राग गेला.

वेटोळं मिरजेला न्यायचा बेत दोन दिवस टिकला. बॅगेला तेवीस किलोंची मर्यादा होती, पण आड आली ती केबलच. मिरजेच्या घरात भिंतीतल्या पाइपातून सुट्या तारा ओढलेल्या. ही चपटी, एकाच सालीत सगळं गुंडाळलेली. शिवाय अर्थ उघडी, तिच्यावर हिरवी नळी आपणच चढवायची. "आपली म्हणावी तर आपली नाही," म्हणत बाबांनी टोकाला काळी टेप गुंडाळली आणि ती परत खुंटीला लावली.

बॅगेत गेले ते इलेक्ट्रिशियनकडून उरलेल्या तपकिरी-निळ्या नळ्यांचे बोटभर तुकडे, पाच-सहा. मिरजेत त्यांचा काही म्हणजे काही उपयोग नाही. बाबांनी ते कागदात बांधून नेले. आता तिथल्या खिळ्यांच्या डब्यात आहेत.