तुम्ही विचारलंत म्हणून : ओटो डिक्सची युद्धचित्रं कुजल्यासारखी का दिसतात?

जर्मन चित्रकार ओटो डिक्सची 'डेर क्रीग' (युद्ध) ही छापचित्रांची मालिका कुणाला दाखवली की हमखास विचारलं जातं : ही चित्रं त्यानं खंदकात बसून काढली का? आणि ती अशी कुजल्यासारखी, झडल्यासारखी का दिसतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर ॲसिडच्या तबकात आहे.

डिक्स १८९१ साली जर्मनीतल्या गेरा गावाजवळ जन्मला. वडील लोखंड ओतकामाच्या कारखान्यात कामगार होते. पहिल्या महायुद्धात तो आधी तोफखान्यात होता आणि १९१५ पासून मशीनगन तुकडीत. फ्रान्समधली सोम नदीकाठची लढाई, रशियन आघाडी आणि १९१८ ची शेवटची जर्मन चढाई हे सगळं त्यानं स्वतः पाहिलं. त्या ऑगस्टमध्ये मानेला जखम झाली. आघाडीवर त्यानं शेकडो रेखाटनं केली, काही तर पोस्टकार्डांवर. पण ती खडूची, शाईची, झपाट्यानं ओढलेली आणि कोनांनी भरलेली आहेत. कुजणं त्यांत नाही. ते आलं १९२४ मध्ये, युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी. दरम्यान डुसेलडॉर्फमध्ये विल्हेल्म हेरबेरहोल्ट्सकडून तो ॲक्वाटिंट, म्हणजे राळेची पूड आणि ॲसिड वापरून पत्र्यावर करड्या-काळ्या छटा आणण्याचं तंत्र, शिकला होता. त्याच सुमारास सिसिलीतल्या पालेर्मोच्या तळघरांत जाऊन तिथल्या वाळलेल्या मृतदेहांचा अभ्यासही त्यानं केला होता.

आता तंत्राकडे येऊ. एचिंगमध्ये धातूचा पत्रा घासून चकचकीत करतात, त्यावर मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात आणि सुईनं चित्र कोरतात. सुई फक्त थर खरवडते, धातू उघडा पाडते. खणण्याचं काम ॲसिड करतं. जस्ताच्या पत्र्याला आठ-दहा भाग पाण्यात एक भाग नायट्रिक ॲसिड पुरतं (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, आणि खोली हवेशीर हवी). रेषांवर बुडबुडे धरतात. ते पिसानं हलकेच झटकले नाहीत तर रेषा तुटक खाल्ली जाते. ज्या रेषा फिकट हव्यात त्या लवकर वॉर्निशनं झाकायच्या, आणि उरलेल्यांसाठी पत्रा पुन्हा तबकात सोडायचा. शेवटी खणलेल्या जागी शाई भरून त्यावर ओला कागद दाबला की चित्र छापलं जातं.

थर पातळ पडला, किंवा पत्र्यावर बोटांचं तेल राहिलं, की ॲसिड नको तिथे शिरतं आणि पत्र्यावर खड्डे, व्रण पडतात. वर्गात असा पत्रा बाद धरतात. डिक्सनं मात्र पत्रे पुन्हा पुन्हा ॲसिडमध्ये सोडून धातू असाच खाऊ दिला. चेहऱ्यावरचं मांस, चिखल, खंदकाची भिंत हे सगळं एकाच रीतीनं झडलेलं दिसतं, कारण पत्र्यावर ते खरोखरच झडलं आहे. शिकाऊ ज्याला चूक म्हणतो त्यातूनच त्याला हवं ते सापडलं. या मालिकेचं मोठेपण मला याच निर्णयात दिसतं.

करडे आणि काळे पट्टे ॲक्वाटिंटचे. बंद खोक्यात राळेची बारीक पूड उडवायची, जाड कण खाली बसू द्यायचे आणि मग पत्रा आत ठेवायचा. साधारण अर्धा पृष्ठभाग कणांनी झाकला की खालून आच द्यायची. पांढुरकी पूड काचेसारखी पारदर्शक झाली की थांबायचं. आच जास्त झाली तर कण एकमेकांत वितळून सलग पापुद्रा होतो, ॲसिड आत जात नाही आणि तिथे पांढरा डाग छापला जातो. आच कमी पडली तर कण ॲसिडमध्येच निसटतात. फिकट करड्याला काही सेकंद पुरतात, गडद काळ्याला बरीच मिनिटं लागतात. पण फार वेळ ठेवलं तर ॲसिड कणांच्या खालून धातू पोखरतं, कणांखाली उरलेली धातूची टोकं कोसळतात, आणि शाई धरायला काही उरत नाही. मग काळ्याच्या जागी मळका राखाडी रंग येतो.

हे माहीत असलं की 'वादळी तुकडी वायूच्या आड पुढे सरकते' हे बारावं चित्र वेगळंच दिसू लागतं. गॅस मास्क घातलेले पाच सैनिक आपल्या अंगावर येतात. मास्क फिकट, डोळ्यांच्या जागी काळोख, मागे ॲक्वाटिंटची धुरकट पोत. वायू त्यानं रेषेनं काढलेलाच नाही. तो राळेच्या कणांनी आणि ॲसिडनं घडवला आहे. जोडीला ड्रायपॉइंट आहे, म्हणजे सुईनं थेट धातूवर ओरखडे. त्यांच्या कडेला उठलेली धातूची बारीक कुसळं शाई धरून ठेवतात, म्हणून ती रेषा मखमली छापली जाते. दाबाखाली ती कुसळं लवकर चेपतात.

छपाई बर्लिनच्या ओटो फेल्सिंगच्या छापखान्यात झाली, प्रकाशक कार्ल नीरेनडॉर्फ. एकूण ५० चित्रं, दहा-दहांचे पाच संच, ७० प्रती.

पुढे १९२९ ते १९३२ या काळात डिक्सनं युद्धावर लाकडी फळ्यांचं मोठं त्रिपट (तीन जोडफळ्यांचं चित्र) रंगवलं. ते आज ड्रेस्डेनला आहे. १९३३ मध्ये नाझींनी त्याला तिथल्या अकादमीतल्या प्राध्यापकपदावरून काढलं. १९४५ मध्ये, पन्नाशी उलटलेली असताना, त्याला पुन्हा गणवेश चढवायला लावला गेला आणि तो फ्रेंचांच्या कैदेत पडला. १९६९ मध्ये तो वारला.

ही मालिका संगणकाच्या पडद्यावर पाहून पुरत नाही. ओला कागद दाबाखाली पत्र्याच्या खड्ड्यांत शिरतो, म्हणून खोल खाल्लेल्या जागी शाई कागदावर चक्क उठून येते. फ्रान्समध्ये सोमकाठच्या पेरोन गावातल्या युद्धसंग्रहालयात पूर्ण मालिका आहे. तिथे गेलात तर समोरून पाहून झाल्यावर थोडं बाजूला सरकून, तिरप्या उजेडात पाहा.